अजिंठ्याच्या प्रती आणि सादियातचा प्रकाश

फेब्रुवारी २०१८ मध्ये दुबईहून अबुधाबीकडे येणाऱ्या शेख झायेद महामार्गाच्या कडेला दहा भव्य चित्रफलक उभे राहिले. प्रत्येक फलक सुमारे नऊ मीटर उंचीचा. व्हॅन गॉगचे आत्मचित्र, लिओनार्दो दा विंचीने रंगवलेली एक स्त्री, जॉर्ज वॉशिंग्टन यांची तसबीर अशी, तीनच महिन्यांपूर्वी उघडलेल्या लूव्र अबुधाबी संग्रहालयातील कलाकृतींची ती मोठी केलेली रूपे होती. गाडीतला रेडिओ तीन ठरावीक केंद्रांपैकी एकावर लावलेला असला, तर फलकाजवळून गाडी जाताच चालू कार्यक्रम थांबे आणि त्या कलाकृतीची अर्ध्या मिनिटाची गोष्ट ऐकू येई. फलकांवर बसवलेली लहान प्रक्षेपण यंत्रे तेवढ्या टापूपुरती रेडिओची लहर आपल्या ताब्यात घेत. रस्त्यालाच दालन करण्याची ही कल्पना खरोखर चातुर्याची होती. मात्र ती तीन केंद्रे इंग्रजी आणि अरबी होती. कंपनीच्या बसने या रस्त्यावरून जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या कानांवर चालकाने लावलेले मल्याळम किंवा हिंदी केंद्र पडत असते. त्यांना फलक दिसले; गोष्ट ऐकू आली नाही.

कलाकृती एका संस्कृतीतून उचलून दुसरीत मांडताना नवे माध्यम काय करते आणि काय करू शकत नाही, हे या उदाहरणात दिसते. ध्वनी, चलच्चित्र, संगणक, उपग्रह, संवेदक, प्रकाशझोत यांच्या साहाय्याने घडवलेल्या कलेला आज नवमाध्यम कला म्हणतात. तिची निवड करणारा, तिला जागा देणारा आणि तिच्याविषयी प्रेक्षकाशी बोलणारा तो क्युरेटर. मराठीत त्याला संग्रहपाल म्हणतात, पण तो शब्द अपुरा आहे. संग्रहपाल सांभाळतो, क्युरेटर ‘कशाच्या शेजारी काय’ हे ठरवतो. हे ठरवणे निरुपद्रवी नसते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? गावाची रचना हीसुद्धा एक मांडणीच होती, आणि त्या मांडणीत आपली जागा दुसऱ्याने ठरवली होती.

‘नवे’ हा शब्द मात्र सापेक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात छायाचित्र हे नवे माध्यम होते, आणि त्यातून परक्या प्रेक्षकांपुढे गेलेल्या पहिल्या भारतीय कलाकृतींत आपली अजिंठ्याची लेणी होती.

एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या फेरीत ही लेणी दिसली, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. (आसपासच्या गावांना ती आधीपासून दिसतच होती, पण ‘शोध’ हा शब्द सत्तेच्या नजरेला लागतो.) पुढची हकिकत कमी ठाऊक आहे. जेम्स फर्ग्युसन यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी अजिंठ्यास धाडले. गिल आणि पारो यांची प्रेमकथा ना. धों. महानोरांच्या काव्यामुळे आणि पुढे चित्रपटामुळे घरोघरी गेली. त्या कथेच्या सावलीत गिल यांचे काम झाकले गेले. त्यांनी मोठाल्या कापडांवर तैलरंगात केलेल्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या.

या आगीआधीच गिल कॅमेऱ्याकडे वळले होते. १८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके फर्ग्युसन यांच्या लेखनासह निघाली. त्यांपैकी एकात शंभर ‘स्टिरिओ’ छायाचित्रे होती. किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारी शेजारी चिकटवायची आणि दोन भिंगांच्या चौकटीतून पाहायची. मेंदू ती एक करतो आणि दगडाला खोली येते. लंडनच्या दिवाणखान्यात बसून सह्याद्रीतल्या लेण्यात शिरल्याचा भास त्यातून होई. आज डोळ्यांवर जाड चष्मा चढवून ज्याला आपण आभासी वास्तव म्हणतो, त्याचे तत्त्व हेच आहे. गिल १८७९ मध्ये वारले आणि भुसावळला पुरले गेले.

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या तुकडीत होते. सुमारे तीनशे चित्रे लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली. तिथेही १८८५ मध्ये आग लागली आणि त्यांतली बरीच नष्ट झाली. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये आला, तोवर मूळ भिंतींचे नुकसान झाले होते. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश चढवले गेले. ते काळवंडले आणि त्याखालची चित्रेही. दूरच्या प्रेक्षकाला स्पष्ट दिसावे म्हणून जवळची वस्तू अंधारात गेली. मांडणीच्या इतिहासात हे वारंवार घडते, आणि दर वेळी हेतू चांगलाच असतो.

लंडनमध्ये कोणीही साऊथ केन्सिंग्टनला जाऊन पद्मपाणीची नक्कल पाहू शकत होता, तेव्हा आणि त्यानंतरही अर्धे शतक, आपल्या माणसांची गोष्ट निराळी होती. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह सहलीला निघाले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. वाटेत निजामाच्या राज्यातील दौलताबादच्या किल्ल्यावर प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि ‘हौद बाटवला’ म्हणून जमाव चालून आला. अखेर, आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर आणि सोबत एक शस्त्रधारी शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हौद मुसलमानांचा की हिंदूंचा, हा त्यातला मुद्दा नव्हता. मुद्दा हा होता की बुद्धाची लेणी पाहायला निघालेल्या माणसाची ‘प्रेक्षक’ म्हणून पात्रता आधीच दुसऱ्याने ठरवलेली होती. कलाकृतीचे चित्र समुद्रापार नेणारे माध्यम त्या काळी उपलब्ध होते. तिच्यापर्यंत माणसाला नेणारी वाट उपलब्ध नव्हती.

आता आखातात येऊ. बुद्धाची आणि अरबी भाषेची ओळख संग्रहालयांनी करून दिलेली नाही. ती हजार वर्षांहून जुनी आहे. बगदादच्या इब्न अल-नदीम याच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत हिंदवासीयांच्या ‘बुद्द’विषयी नोंदी आहेत. फारसीतला ‘बुत’ हा मूर्तीवाचक शब्द, ज्यावरून ‘बुतपरस्त’ आला, तो बुद्ध या नावावरूनच आला असे मानले जाते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा अरबीत ‘बिलव्हर आणि बुदासफ’ या नावाने फिरली. त्यातील ‘बुदासफ’ म्हणजे बोधिसत्त्व. हीच कथा पुढे युरोपात गेली आणि तिथे बोधिसत्त्वाचा जोसाफत नावाचा ख्रिस्ती संत झाला. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणात रशीद अल-दीन याने जगाचा इतिहास लिहवून घेतला, तेव्हा कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूच्या साहाय्याने त्यात तथागतांचे चरित्र घातले. त्याच्या १३१४ च्या अरबी प्रतीत त्या चरित्राची चित्रेही आहेत. एका मुसलमान वजिराच्या ग्रंथशाळेत, इराणी चित्रकाराच्या हातून, अरबी मजकुरासोबत, काश्मिरी बौद्धाच्या सांगण्यावरून हे काम झाले. आंतरसांस्कृतिक मांडणीचे याहून चांगले जुने उदाहरण मला सुचत नाही, कारण त्यात ज्याचा धम्म तो माणूस चित्रकाराजवळ बसलेला होता.

अबुधाबीचा आधुनिक कलेतिहास याच्या मानाने अगदी अलीकडचा. १९६२ मध्ये तेलाची पहिली निर्यात झाली. २ डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य स्थापन झाले. १९८१ मध्ये कल्चरल फाउंडेशनची वास्तू उभी राहिली. नवमाध्यमांच्या दिशेने पहिली पावले मात्र सरकारी वास्तूत पडली नाहीत. हसन शरीफ (१९५१-२०१६) हा दुबईचा तरुण लंडनला कला शिकत असताना सुटीत परते आणि हत्ताच्या उजाड वाळवंटात उड्या मारणे, चालणे, दगड बांधणे अशा साध्या कृतींची छायाचित्रे काढी. कृती क्षणात संपे आणि छायाचित्र उरे. तेच कलाकृती ठरे. त्यांचे शिष्य मोहम्मद काझिम यांनी पुढे उपग्रहावरून स्थान सांगणारे जीपीएस यंत्र हाती घेतले. मासेमारीला गेले असताना ते होडीतून समुद्रात पडले होते. चहूकडे पाणी, दिशा नाही, सीमा नाही. २०१३ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये अमिरातीच्या दालनात त्यांनी प्रेक्षकाला चारी बाजूंनी समुद्राच्या चलच्चित्राने वेढले आणि पायाखाली अक्षांश-रेखांशाचे आकडे ठेवले. त्या दालनाच्या क्युरेटर रीम फद्दा होत्या.

हा सारा इतिहास २०१७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबुधाबीतील कलादालनात एकत्र मांडला गेला. १९८८ ते २००८ या काळातील अमिराती कलावंतांच्या वर्तुळाचा तो मागोवा होता. माया ॲलिसन यांच्या या प्रदर्शनाचे नावच ‘पण आपल्याला ते दिसत नाहीत’ अशा अर्थाचे होते. त्या वर्तुळात केरळचे विवेक विलासिनी आणि डच कलावंत योस क्लेव्हर्स हेही होते. या देशाची कला घडताना परदेशी माणूस केवळ पायाड बांधत नव्हता, हे कागदोपत्री आले. याच दालनाने २०१६ मध्ये तंत्रज्ञान आणि त्याविषयीची अस्वस्थता या विषयावर स्कॉट फिट्झजेरल्ड आणि बाना कत्तान यांचे प्रदर्शन भरवले होते. त्यात यंत्रांची चमक कमी आणि यंत्रे आपल्यावर कशी नजर ठेवतात याचा विचार अधिक होता.

सादियात बेटाची योजना मोठ्या पैशाने आणि मोठ्या नावांनी आली. २००६ मध्ये गुगेनहाइमशी करार झाला आणि मार्च २००७ मध्ये फ्रान्सशी. लूव्र हे नाव तीस वर्षे वापरण्याचा हक्क या दुसऱ्या करारात होता. जाँ नुव्हेल यांनी बांधलेल्या संग्रहालयाचा घुमट १८० मीटर व्यासाचा असून त्यात एकावर एक आठ थरांत ७,८५० चांदण्या आहेत. खजुराच्या झावळ्यांतून ऊन गळावे तसा त्यातून प्रकाश झिरपतो. गुगेनहाइमची इमारत उभी राहण्याआधी, २०१४ मध्ये, तिच्या संग्रहाचे पहिले प्रदर्शन मनारत अल सादियात येथे भरले. त्याचा विषयही प्रकाशच होता. यायोई कुसामा यांची आरशांची खोली, डॅन फ्लेविन यांच्या विजेच्या नळ्या आणि इराणच्या मोनीर फर्मानफर्मायान यांचे आरसेकाम त्यात शेजारी आले. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘मनार अबुधाबी’ हे खुल्या बेटांवरचे प्रकाशकलेचे प्रदर्शन सुरू झाले. त्याच्या क्युरेटर रीम फद्दा आणि आलिया झाल लूताह. लुलू बेटावर राफाएल लोझानो-हेमर यांच्या दहा मांडण्यांना ‘भाषांतराचे बेट’ असे नाव होते. १८ एप्रिल २०२५ रोजी सादियातवर जपानच्या टीमलॅब गटाचे सतरा हजार चौरस मीटरचे कायम दालन उघडले. तिथे भिंत, जमीन, पाणी, धुके यांवर प्रकाश वाहत असतो आणि आपण चाललो की तो बदलतो.

प्रकाशच का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. व्यवहाराचे उत्तर सोपे आहे. दोनशे देशांचे लोक राहतात त्या शहरात मजकुरावर उभी असलेली कला सर्वांना कळणार नाही आणि आकृतीवर उभी असलेली कला कोणाला तरी खटकेल. प्रकाशाला भाषा नाही आणि प्रतिमेचा दोष नाही. पण एवढ्यावर थांबणे बरोबर होणार नाही. आपल्या परंपरेला हे अनोळखी नाही. तथागतांच्या परिनिर्वाणानंतर कित्येक शतके शिल्पकारांनी त्यांची मूर्ती केलीच नाही. सांची-भरहुतला रिकामे आसन, पाऊले, चक्र आणि बोधिवृक्ष एवढ्यावर त्यांनी बुद्ध दाखवला. अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यांत गाभ्याशी मूर्ती नाही, स्तूप आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात नालाच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून आत येणारा प्रकाश खांबांच्या रांगांमधून स्तूपाकडे जातो. तिथे उभे राहिलेल्या माणसाला प्रकाशाची मांडणी म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. म्हणून सादियातच्या या निवडीकडे मी तुच्छतेने पाहत नाही.

लूव्र अबुधाबीत मूर्तीही आहेत. तिथली मांडणी देशवार नसून काळाच्या ओघात बारा प्रकरणांत केलेली आहे. प्रवेशालाच निरनिराळ्या खंडांतील सारख्या वस्तू एकाच काचपेटीत आहेत. बाळाला मांडीवर घेतलेली इजिप्तची इसिस, युरोपची मेरी आणि आफ्रिकेची माता एकत्र दिसतात. पुढे गांधार शैलीतील बोधिसत्त्व आहे, चीनमधले बुद्धमस्तक आहे, चोळकालीन नटराज आहे. विश्वधर्मांच्या दालनात मंद उजेडात निळ्या कुराणाचे पान, गॉथिक बायबल, १४९८ सालचा येमेनी यहुदी धर्मग्रंथ आणि त्यांच्यासोबत बौद्ध व ताओ मतांचे ग्रंथ आहेत. आखातातल्या एका राजधानीत हे ग्रंथ एका छताखाली, एका मानाने ठेवले आहेत, ही लहान गोष्ट नाही. आपल्या मुलांना तिथे जरूर न्यावे.

पण फलक वाचावेत. ते अरबी, इंग्रजी आणि फ्रेंच या तीन भाषांत आहेत, आणि तिन्ही भाषा साम्याची भाषा बोलतात. ‘माणसे सगळीकडे सारखीच’ हा त्या मांडणीचा सूर आहे. द्वेषाच्या काळात तो सूर हवाच. मात्र त्यात बुद्धाचे भांडण हरवते. जन्मावरून ठरणारी प्रतिष्ठा नाकारणारा, उपालीसारख्या न्हाव्याला संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा देणारा आणि त्या राजपुत्रांना त्याला वंदन करायला लावणारा बुद्ध त्या मंद उजेडात दिसत नाही. दिसतो तो शांत, मिटल्या डोळ्यांचा. आपल्या समाजात अशी आठवण सांगितली जाते की, बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध हवा होता, जगाचे दुःख पाहणारा. आपल्याकडच्या कित्येक विहारांतील आणि घरांतील प्रतिमा तशाच आहेत. मिटले डोळे की उघडे, हा कलासमीक्षेचा बारकावा वाटेल. पण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्यासाठी तो बारकावा राहिलेला नाही.

नवमाध्यम कलेत हा प्रश्न एका जगप्रसिद्ध कृतीत आलेला आहे. नाम जून पाइक हे १९३२ साली सेऊलमध्ये जन्मले. युद्धामुळे १९५० मध्ये कुटुंबासह देश सोडावा लागला. मग जपान, जर्मनी, अमेरिका. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या बोनिनो दालनात एक भिंत रिकामी राहत होती म्हणून त्यांनी एक जुनी बुद्धमूर्ती घेतली, तिच्यापुढे दूरचित्रवाणी संच ठेवला आणि संचामागे कॅमेरा. बुद्ध पडद्यावर स्वतःलाच पाहत बसला. त्याच वर्षी जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात पाइक स्वतःच मूर्तीच्या जागी बसले. ‘टीव्ही बुद्ध’ आता ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात आहे. तिच्यावर उदंड लिहिले गेले आहे: पौर्वात्य ध्यान विरुद्ध पाश्चात्त्य यंत्र वगैरे. मला ती कृती थोडी खोडकर वाटते. कॅमेऱ्याचा डोळा अखंड उघडा आहे, पण त्याला त्या मूर्तीपलीकडे काहीच दिसत नाही. जग चौकटीबाहेर राहिले आहे. पाश्चात्त्य दालनांनी बुद्धाला जसे ठेवले त्याचे हे अचूक चित्र आहे, आणि ते एका विस्थापित कोरियन माणसाने काढले आहे.

चौकटीबाहेरचे जग आत आणणारे एक काम आपल्या आखातातच घडले, आणि ते मुंबईच्या कलावंतांनी केले. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या ‘कॅम्प’ या गटाने २००९ च्या शारजा बिएनालेसाठी खाडीच्या धक्क्यावर मुक्काम ठोकला. सोमालियाकडे जाणाऱ्या लाकडी गलबतांत काय काय भरले जाते, याच्या नोंदींचे त्यांनी पुस्तक केले, आणि काही संध्याकाळी धक्क्यावरूनच ‘रेडिओ मीना’ हे प्रसारण चालवले. मीना म्हणजे बंदर, हे मीना झायेदला मासळी घ्यायला जाणाऱ्यांना सांगायला नको. पुढे २०१३ मध्ये त्यांचा एक चित्रपट आला. कच्छ, सिंध, बलुचिस्तान आणि दक्षिण इराणच्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेल्या दृश्यांतून तो जुळवलेला आहे. त्या दृश्यांवर खलाशांनी आपापल्या आवडीची गाणी चढवली होती आणि ती एका गलबतावरून दुसऱ्यावर पाठवली जात. क्युरेटरने, कलावंताने इथे काय केले? खलाशांनी आधीच जी मांडणी केली होती, तिला त्यांनी मान दिला. महामार्गावरच्या फलकांनी श्रोत्याची लहर ताब्यात घेतली; इथे लहर खलाशांच्या स्वाधीन केली.

याच वर्षांत सादियातच्या बांधकामावरील कामगारांचा प्रश्न जगापुढे आला. मार्च २०११ मध्ये शंभराहून अधिक कलावंतांनी, कामगारांवरचे भरतीशुल्काचे कर्ज आणि त्यांच्या राहणीमानाचा प्रश्न सुटेपर्यंत गुगेनहाइम अबुधाबीला काम न देण्याचे जाहीर केले. ‘गल्फ लेबर’ या त्यांच्या गटात अशोक सुकुमारनही होते. एप्रिल २०१६ मध्ये गुगेनहाइमने त्यांच्याशी बोलणी थांबवली. सरकारी विकासकंपनीने कामगारांसाठी नवी वसाहत उभारली, नियम केले, पाहणी-अहवाल काढले, हेही नोंदवले पाहिजे. या वादात कोण किती बरोबर, हे इथे ठरवायचे नाही. एवढे मात्र खरे की कामगारांच्या वतीने दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले आणि कामगार फार थोडे बोलले. वायरमन, फिटर, पायाड बांधणारे, वातानुकूलन सांभाळणारे म्हणून आपल्यातलेही कितीतरी हात अशा वास्तूंना लागलेले असतात. संवेदक कुठे बसतो आणि प्रक्षेपक किती तापतो, हे त्या हातांना क्युरेटरपेक्षा चांगले ठाऊक असते.

मग आपल्या मातीतला नवमाध्यम कलावंत परक्या देशात कसा मांडला जातो? मुंबईचे अमोल के. पाटील हे उदाहरण घ्यावे. आजोबा पोवाडे गाणारे, वडील नाटककार. २०२२ साली जर्मनीतील कासेलच्या पंधराव्या डॉक्युमेंटात, म्हणजे जगातील सर्वांत प्रतिष्ठेच्या कलामेळ्यात, त्यांनी चाळींचे आणि शहर झाडणाऱ्या माणसांचे आयुष्य चलच्चित्र, ध्वनी, शिल्प आणि प्रयोग यांतून मांडले. पुढच्या वर्षी लंडनच्या हेवर्ड दालनात त्यांचे काम आले. त्यांच्या कामाला पोवाडा आणि कामगार रंगभूमी यांची संगत आहे, आणि ही संगत सांगितल्याशिवाय युरोपीय प्रेक्षकाला त्यातली धूळ म्हणजे केवळ पोत वाटेल. ती जातीच्या श्रमाची धूळ आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारे शब्द आपल्याकडे आहेत. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे, नंतर तबकड्या, कॅसेटी, आता यूट्यूबवरची गाणी: मिळेल ते नवे माध्यम चळवळीने लगेच उचलले आणि संग्रहालयाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. भाड्याच्या सभागृहात आता मागे प्रचंड एलईडी पडदा असतो. वंदना चालू असताना त्यावर सोनेरी थाई मूर्ती, कमळे, उडणारे कण आणि हिमालयाचे सूर्योदय सरकत राहतात, कारण तयार मिळणारी दृश्ये तीच असतात. ती सुंदर आहेत, पण त्यांत आपण नाही. अजिंठा नाही, कान्हेरी नाही, नागपूर नाही. आपल्याच कार्यक्रमात आपण लूव्रच्या फलकाइतकाही मजकूर देत नाही, हे मला खटकते.

साधनांची अडचण नाही. साऊथ केन्सिंग्टनचे ते संग्रहालय म्हणजेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. आगीतून वाचलेल्या अजिंठ्याच्या प्रतींच्या नोंदी आता संगणकावर खुल्या आहेत. मुसाफ्फाच्या खोलीत बसूनही त्या फोनवर उघडतात. तडे, उडालेले रंग, जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी जशाच्या तशा उतरवलेल्या भिंतीच्या पापुद्र्यांच्या कडा, सगळे त्यांत दिसते. येत्या बुद्धपौर्णिमेला पडद्यावर ती चित्रे लावून प्रत्येकीखाली दोन ओळी मराठीत आणि दोन अरबीत लिहायच्या असतील, तर अरबी जाणणारी आपली मुले शाळांत आहेतच. पहिली प्रत पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची घ्यावी, असे मी सुचवीन. त्याचे डोळे पूर्ण मिटलेले नाहीत.